बाळंतपणाची फाईल जपून ठेवा

आमच्या घरात निकाहनामा, जमिनीचे कागद आणि रेशनकार्ड एका पत्र्याच्या पेटीत असतात. अम्मींनी त्यातच माझ्या दुसऱ्या बाळंतपणाची फाईल ठेवली होती.

त्या खेपेला आठव्या महिन्यात माझे पाय सुजले, डोके ठणकू लागले. रक्तदाब १६०/१०० निघाला, लघवीत प्रोटीनही होते. दिवस भरण्याआधीच बाळंतपण करावे लागले. अल्लाहच्या कृपेने मायलेकी सुखरूप राहिलो. दीड महिन्यात रक्तदाब उतरला, गोळ्या बंद झाल्या. घरच्यांना वाटले, विषय संपला.

गेल्या वर्षी, वयाच्या ४३ व्या वर्षी, इथे कराडमध्ये तपासणी केली तेव्हा रक्तदाब पुन्हा वाढलेला आढळला. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गरोदरपणात वाढला होता का?" मी फाईल पुढे ठेवली. त्या म्हणाल्या, "हे फार बरे केलेत." गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रोटीन आले, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. ज्यांना तो झाला, त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतर स्त्रियांच्या साधारण दुप्पट असतो. बाळंतपणाने त्या वेळचे संकट टळते. हा धोका मात्र मागे राहतो.

आपल्याकडे चिल्ला संपला की सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते. बाळाच्या लसीचे कार्ड जपले जाते, आईची फाईल रद्दीत जाते. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतही नाही. म्हणून "मला काही होत नाही" एवढ्यावर थांबू नये.

ज्या बहिणींना हा त्रास झाला असेल, त्यांनी दरवर्षी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना मागचे सांगावे. लोणचे, पापड, सुकट धरून दिवसाचे मीठ एका छोट्या चमच्याच्या आत ठेवावे. गोळ्या चालू असतील तर रमजानआधीच त्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

हे घरातल्या पुरुषांनीही वाचावे. दवाखान्याला कधी जायचे, हे पुष्कळ घरांत तेच ठरवतात. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आणि मुलांच्या आईचे शरीरही त्यात आलेच.