मांडीचें देणें

मराठींत मांडी हा शब्द केवळ एका अवयवाचा नव्हे. आपण जेवावयास बसतों तें मांडी घालून. बरोबरीच्या माणसाच्या मांडीला मांडी लावतों. तापानें फणफणलेल्या पोराचें डोकें आई मांडीवर घेते, आणि दत्तक घेणें म्हणजेही परक्याचें मूल मांडीवर घेणेंच. ह्या मांडीचें मांस काढून त्याचा स्तन घडवितात, हें प्रथम कानांवर आलें तेव्हां आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांस ती एखाद्या पुराणांतली गोष्ट वाटली. आम्हांस मात्र (शब्दांच्या नादीं लागलेल्या मास्तराची ही खोड समजावी) त्यांत फारसें विपरीत कांहीं दिसलें नाहीं.

सफाळ्यास राहणाऱ्या आमच्या वहिनींवर गेल्या वर्षीं ही शस्त्रक्रिया झाली. कर्करोगामुळें त्यांचा उजवा स्तन काढावा लागला होता. अशा वेळीं बहुधा पोटावरील त्वचा व चरबी घेतात; पण वहिनी मुळांतच काटकुळ्या, आणि पोटावर जुन्या शस्त्रक्रियांचे व्रण. तेव्हां मुंबईच्या शल्यवैद्यांनीं मांडीच्या आंतल्या बाजूची त्वचा, चरबी आणि तिच्याखालचा एक सडपातळ स्नायु घेण्याचें ठरविलें. हा स्नायु गेला तरी त्याचें काम शेजारचे स्नायु सांभाळून घेतात. त्याची बारीक रोहिणी व नीला छातींतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखालीं जोडली कीं तें मांस नव्या जागीं जगूं लागतें. "पन्नाशी उलटल्यावर हें कशाला?" असें विचारणारे आप्त पुष्कळ निघाले. त्यांतले निम्मे कवळी बसविलेले होते.

शरीराच्या एका भागाची त्वचा दुसरीकडे लावणें ही आपल्याकडे नवी विद्या नाहीं. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नें पुण्याजवळची एक हकीकत छापली. इंग्रजी फौजेकडे बैल हांकणाऱ्या कावसजी नांवाच्या मराठ्याचें नाक टिपूच्या कैदेंत कापलें गेलें होतें. तें एका वीटकरी जातीच्या कारागिरानें कपाळाच्या कातड्याचें नवें करून दिलें. त्या हकीकतीच्या प्रेरणेनें जोसेफ कार्प्यूनें १८१४ सालीं लंडनांत तोच प्रयोग केला. त्या जुन्या मजकुरांत एक बारीकसा तपशील आहे: शस्त्रक्रियेनंतर रोग्याला पांचसहा दिवस उताणें निजवून ठेवीत.

उताणें निजण्यावरची ही श्रद्धा दोन शतकें टिकली. तिला खरा धक्का दिला तो हेन्रिक केहलेट ह्या डॅनिश शल्यवैद्यानें, १९९० नंतरच्या दशकांत, आणि तोही आंतड्याच्या शस्त्रक्रियांपासून. उपास, नळ्या, गुंगी आणि अंथरूण ह्यांपैकीं रोग्याला खरोखर आवश्यक काय आणि नुसतें वहिवाटीचें काय, हें त्यानें तपासलें. स्तनाच्या पुनर्रचनेसाठीं ह्या पद्धतीचे नियम २०१७ सालीं प्रसिद्ध झाले.

वहिनींच्या बाबतींत त्याचा अर्थ असा झाला. आदल्या रात्रीपासून निर्जळी नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वीं दोन तासांपर्यंत पाणी व गाळीव पेयें चाललीं. वेदनेसाठीं मॉर्फिनसारख्या औषधांवर सारी भिस्त न ठेवतां साधीं वेदनाशामकें आणि जागा बधिर करणारीं इंजेक्शनें दिलीं. कारण मॉर्फिननें ओकारी, बद्धकोष्ठ आणि सुस्ती येते, व सुस्त रोगी उठत नाहीं. पहिल्या रात्रीं परिचारिका दर तासाला नव्या स्तनाचा रंग आणि ऊब पाहून जाई. दुसऱ्या दिवशीं लघवीची नळी काढली, आणि वहिनींना हाताला धरून चार पावलें चालविलें. आमचे बंधु गहिंवरून म्हणाले, "अहो, अजून टांके ओले आहेत!" वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना सांगा, मी आजारी नाहीं, मला नुसतें दुखतंय."

पडून राहिल्यानें पायांच्या नीलांत रक्ताची गुठळी होते. ती फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. कर्करोगाच्या रोग्याला तर हें भय अधिकच. पण आमच्या आत्याबाईंच्या मतें बाईमाणसाची विश्रांति म्हणजे बाळंतिणीची खोली. तेथें शेक, सुंठ आणि बाज. ही माया खोटी नव्हे. तिला औषधाच्या पुड्यांप्रमाणें वेळा ठरवून द्याव्या लागतात, इतकेंच.

मात्र दोन गोष्टी परदेशी पुस्तकांत सफाळ्याच्या माणसाला पुरतील इतक्या सांगितलेल्या नसतात. एक म्हणजे मांडीची जखम. ती अशा जागीं असते कीं पाय फांकले, उकिडवें बसलें, कीं ताणते. घाम आणि ओल यांमुळें उसवण्याचें भयही तेथेंच फार. ज्या घरांत जेवण, भाजी चिरणें, पूजा आणि शौच हीं सारीं जमिनीलगत होतात, तेथें "चाला, पण मांडी घालूं नका" हें पथ्य भलतेंच कठीण. वहिनींच्या घरीं त्यासाठीं शौचाची खुर्ची आली, पाट माळ्यावर गेले, आणि घट्ट ताणाचा पायजमा ऐन उन्हाळ्यांत कुरकुर न करतां चढविला गेला.

दुसरी गोष्ट घरीं परतण्याची. लौकर उठणें आणि लौकर घरीं जाणें हीं एकच नव्हेत. रुग्णालयांना खाटा मोकळ्या व्हाव्यात म्हणून दोहोंची गल्लत सोयीची पडत असेल. जोडलेली नीला तुंबली तर बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत तुंबते, आणि मग कांहीं तासांत पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धांवूं लागल्या खऱ्या. पण मध्यरात्रीं मुंबई गांठावयाची तर वैतरणा आडवी. म्हणून रुग्णालयांतून सुटल्यावरही वहिनींना आठवडाभर दादरला भावाकडे ठेवलें. पुढें सफाळ्यास त्यांचें चालणें विहिरीपर्यंत, मग हमरस्त्यापर्यंत, आणि दीड महिन्यानें स्टेशनापर्यंत गेलें. तेथें भाजीच्या टोपल्या घेऊन गाडीची वाट पाहणाऱ्या बायका त्यांना जागा करून देत, आणि त्या उभ्याच राहत.

परवां केळव्याकडची एक बाई हीच शस्त्रक्रिया करून घ्यावी कीं नाहीं हें विचारावयास आली. व्रण दिसतो का, खर्च किती, नवऱ्याला काय सांगावें, असे तिचे प्रश्न होते. वहिनींनीं तिला चहा दिला आणि आधीं विचारलें, "तुमच्याकडे बसायला उंच खुर्ची आहे का?"