कोळशातला उजेड

भिगवणच्या एका चित्रकला शिक्षकांनी मुंबईच्या फेरीत कुलाब्याचं अफगाण चर्च आतून पाहिलं आणि रात्री वहीत लिहिलं, ‘हे पेन्सिलीचं काम नाही.’ पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ साली प्रार्थनेला खुलं झालं. वेदीपुढे गायकवृंदाची जागा, टोकदार कमानी, रंगीत काचांतून झिरपणारं ऊन.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी चित्रकारांना अशा अंधाऱ्या जागांसाठी कोळसा फार सोयीचा वाटला. फ्रान्सचा लेऑं लेर्मित (१८४४–१९२५) त्यात नावाजलेला. व्हॅन गॉगही त्याच्या कामावर फिदा होता. यातली एक रीत उलटीच: आधी कागद काळा करायचा, मग पावाच्या मऊ गोळ्याने खिडक्या, मेणबत्त्या, उघड्या पोथ्यांची पानं टिपून काढायची.

सरांनी घरी करून पाहिलं. भिगवणला कागदाची काय ददात! इथला कारखाना छपाईचा गुळगुळीत कागद बनवतो. पण त्यावर कोळसा टिकेना, बोट लागलं की निसटे. त्याला खरखरीत कागदच हवा. भुकटी खाचांत अडकते.

पुढची नोंद चित्र पक्कं करण्याची. तेव्हाचे चित्रकार स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख त्यावर फवारत. लाख बहुतेक भारतातूनच जाई.

समासात बेत आहे: उजनी धरणाचं पाणी उतरलं की त्यात बुडणाऱ्या पळसदेवच्या देवळाचा गाभारा असाच काढायचा.