आमची गॅलरी आणि पावसाची झड

लग्न होऊन परळच्या चाळीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला सांगून टाकलं, "आपली खोली दीड आहे बरं का. एक आतली आणि अर्धी बाहेरची." बाहेरची अर्धी म्हणजे दारापुढची गॅलरी. आमच्या वाट्याला लांबीला बारा फूट आणि रुंदीला जेमतेम चार. पण तेवढ्यात काय काय होतं म्हणून सांगू! दुपारी शाळेतून आणलेल्या वह्या मी तिथे तपासते, संध्याकाळी मुलगी अभ्यासाला बसते आणि रात्री आबा, म्हणजे माझे सासरे, तिथेच पथारी टाकतात. आबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा ते पंचविशीतले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणी गेली, पण बाहेर वाऱ्याला झोपायची आबांची सवय काही गेली नाही.

थंडीच्या देशांत घरापुढच्या जाळीच्या व्हरांड्याला हिवाळ्याआधी प्लॅस्टिक ताणतात, फटी बुजवतात. आपल्या मुंबईला थंडीची एवढी धास्ती नाही. आपली खरी वैरीण म्हणजे पावसाची झड. सर वरून येते, तिला छप्पर पुरतं. झड येते आडवी, समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर. कुलाब्याला चार महिन्यांत सरासरी २,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ज्यांची गॅलरी पश्चिमेला, त्यांना तो वारा नेमका समोरून घेतो. आमची पश्चिमेलाच!

माझं माहेर गुहागरकडचं. तिथे पडवीला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायची. मृगाच्या आधी झापं बांधून झाली नाहीत, तर आई जेवण गोड लागू द्यायची नाही. मुंबईत मात्र मीच सुस्त झाले. मोसमी पावसाची इथली नेहमीची तारीख ११ जून. म्हटलं, आहे अजून वेळ. मे महिन्यात लालबागला मिरची कांडायची, गच्चीवर पापड वाळवायचे, त्यात गॅलरी राहूनच जायची. २०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि आमची फजिती झाली. रात्री दोन वाजता झड आली. आबांची वळकटी भिजली. आत आम्ही चौघं, पाय ठेवायला जागा नाही. आबा दाराशी भिंतीला टेकून उजाडेपर्यंत बसून राहिले. "मी गिरणीत उभ्याने रात्री काढल्यात, बसून काय होतंय?" असं म्हणाले खरे, पण पुढे आठ दिवस खोकत होते. प्रत्येक खोकल्याला मला माझी सुस्ती आठवायची.

मग मी घाईघाईने दादरच्या रानडे रोडवरून निळी ताडपत्री आणली. (त्याआधीच्या वर्षी ह्यांनी कुठून तरी जुना फ्लेक्स आणला होता. एका पुढाऱ्याचा वाढदिवस आमच्या गॅलरीत चार महिने साजरा झाला. फ्लेक्स फुकट मिळतो, पण घडीवर चिरतो.) ताडपत्री वरच्या तुळईपासून कठड्यापर्यंत चारी कोपऱ्यांनी करकचून बांधली आणि निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने ती शिडासारखी फुगली आणि दोन रिंगा फाटल्या. खाली झोळी होऊन पाणी साठलं, ते एकदम भदाभदा खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर! खालून काय ऐकावं लागलं, ते लिहीत नाही.

पण मनाला लागलं ते पलीकडच्या खोलीतल्या आजींचं बोलणं. त्या दिवसभर दाराशी बसून फाटकाकडे बघत असतात. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं पोर शाळेतून परतलं नाही, सगळं त्यांना ठाऊक. माझ्या ताडपत्रीने त्यांचं फाटक झाकलं गेलं आणि उजेडही गेला. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, तू पाऊस अडवलास की आम्हाला?"

त्या रविवारी गिरगावात नणंदेकडे गेले होते. तिथल्या वाड्यांत समोरासमोर चाळी, त्यामुळे झड बरीचशी समोरच्या भिंतीवरच थांबते. तरीही नणंदेने बांबूच्या चिकाचा पडदा लावलेला होता. सर आली की दोरी सोडायची, ओसरली की ओढायची. वर गुंडाळला की गॅलरी पुन्हा सगळ्यांची! मला डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली माझी सहशिक्षिका आठवली. १९२० च्या दशकातल्या त्या इमारतींत मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. बोळात झडीचा त्रास कमी, पण भर दुपारी दिवा लावावा लागतो. आपल्याला देवाने उजेडाची गॅलरी दिली आणि मी तिचा बोळ करायला निघाले होते!

मग चिकाच्याच पद्धतीने ताडपत्रीचा पडदा केला. तो असा:

ताडपत्री गॅलरीच्या लांबीपेक्षा हातभर कमी घ्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा निघून जातो. वर एक बांबू, खाली एक बांबू. खालचा बांबू कठड्याच्या बाहेर लोंबता ठेवायचा, मग झोळी होत नाही आणि पाणी पागोळीसारखं सरळ खाली पडतं. मधला दीड फुटाचा पट्टा कापून तिथे जाड पारदर्शक प्लॅस्टिक शिवून घेतलं. शिवणीवर दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासली, की पाणी झिरपायचं बरंच कमी होतं.

गुंडाळायला दोन दोऱ्या. प्रत्येकीचं एक टोक वरच्या बांबूला बांधायचं, दोरी पडद्याच्या मागून खाली न्यायची, खालच्या बांबूखालून वळवून पुढून वर आणायची आणि वरच्या कडीतून आत ओढायची. दोन्ही दोऱ्या बरोबर ओढल्या, की पडदा आपोआप गुंडाळत वर जातो. दोरी सुरगाठीनेच अडकवायची, कारण वादळवाऱ्यात एका झटक्यात सोडता आली पाहिजे. गुंडाळण्यापूर्वी पडदा झटकायचा, नाहीतर घडीत पाणी साचून डास होतात. ताडपत्री, प्लॅस्टिक, बांबू, दोरी आणि शिलाई धरून माझा खर्च हजार रुपयांच्या आत बसला.

आणखी दोन गोष्टी. जुन्या चाळींच्या लाकडी तुळयांत नवे खिळे ठोकू नका. दोरी वेढा देऊन बांधा. विजेच्या तारेला तर काहीच बांधायचं नाही. ओलं गोणपाट फरशीवर दिवसचे दिवस ठेवू नका, त्याखाली लाकूड कुजतं. कठडा हलत असेल किंवा तुळई खचलेली दिसली, तर पडद्याने ते झाकू नका. आपली इमारत उपकरप्राप्त असेल, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला लेखी कळवा. हे मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं, तीही नजरेखालून घाला. आणि गॅलरी ही आगीच्या वेळची वाटसुद्धा आहे. आडोसा झाला म्हणून तिथे कपाट किंवा शेगडी आणून ठेवू नये.

आज ना उद्या आमचीही चाळ जाईल. वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींत घरं मिळाली. तशी आपल्यालाही मिळावीत, असं कोणाला वाटत नाही? पण मिळेपर्यंत दर मे महिन्यात हा पडदा चढवायचा आहे. यापुढे पंधरा मे ही आमच्या घरची तारीख ठरली.

पडदा लावल्यावर पहिली मोठी झड आली ती रात्रीच. मी उठून पाहिलं, तर आबा कोरड्या पथारीवर घोरत होते. सकाळी पाऊस ओसरल्यावर दोऱ्या ओढायला बाहेर आले, तर पडदा आधीच वर गेलेला. आजींनीच ओढला होता. दाराशी बसून फाटकाकडे बघत म्हणाल्या, "तुझी दूधवाली पिशवी घेऊन आलीय गं, उठ लवकर."