मुख्य फेरीत नाव लागतं तेव्हा

गोव्यात हरमलला आमच्या वाड्यावर टेनिसचं कोर्ट नाही. पुतण्या घरामागच्या चिऱ्याच्या गडग्यावर चेंडू मारतो. चिऱ्याला भोकं, कंगोरे. चेंडू परतताना कुठे उडेल याचा नेम नाही. त्यामुळे त्याचे पाय मात्र चांगले हलते झाले.

थर्टीफर्स्टची गर्दी ओसरली, भाड्याने दिलेल्या खोल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा जानेवारी 2023 मध्ये त्याला रात्रीच्या बसने पुण्याला नेलं. बालेवाडीत महाराष्ट्र ओपन चालू होती. पुण्याचाच 15 वर्षांचा मानस धामणे अमेरिकेच्या मायकेल मोविरुद्ध खेळला आणि 2-6, 4-6 असा हरला. पुतण्या पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसला होता, टाळ्या वाजवायचंही भान नव्हतं. मग म्हणाला, “काका, ह्याला घेतला कसा?”

एकेरीच्या मुख्य फेरीत 28 जण. त्यातले 4 पात्रता फेरी जिंकून आलेले, 3 आयोजकांनी वाइल्ड कार्ड दिलेले. बाकीचे मुख्यतः जागतिक क्रमवारीवर. मानस त्या तिघांतला. मागच्या रांगेत कुणीतरी ‘वशिला’ म्हणालं, ते मला अजिबात पटलं नाही. एवढ्या वयात मोठ्यांच्या क्रमवारीचे गुण जमणार कधी? मोठ्यांची सर्व्हिस समोरून कशी येते, हे उभं राहूनच कळतं. ज्याचे वडील मूळचे गोव्याचे, तो लिअँडर पेस 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये वाइल्ड कार्डवरच उतरला आणि कांस्यपदक घेऊन आला.

तरी माझा जीव अडकतो तो पात्रता फेरीत. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 जागा असतात. साधारण 104 जण सुमारे सहा आठवडे आधीच्या क्रमवारीवर थेट आत येतात, 8 वाइल्ड कार्डवर. उरलेल्या 16 जागांसाठी पात्रता फेरीत लागोपाठ तीन सामने जिंकावे लागतात. शेवटच्या सामन्यात हरलेल्याला कुणी ऐनवेळी माघार घेतली तरच ‘लकी लूझर’ म्हणून संधी. आणि या फेरीपर्यंत पोचायला लागणारे गुण मिळतात लहानलहान स्पर्धांत. सगळ्यात खालच्या पायरीवरची एम15 स्पर्धा अख्खी जिंकली तरी हाती 15 गुण. प्रवास, हॉटेल, कोच, सगळा खर्च बहुतेकदा घरचाच. गुणवत्ता असलेली किती पोरं इथेच थांबत असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी, म्हणजे 2024 मध्ये, भारताच्या सुमित नागलला ऑस्ट्रेलियन ओपनचं वाइल्ड कार्ड मिळालं नाही. तो पात्रता फेरीचे तिन्ही सामने जिंकून आत गेला आणि पहिल्याच फेरीत 31वं मानांकन असलेल्या बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. याआधी ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीय पुरुषाने हरवलं होतं ते 1989 मध्ये, रमेश कृष्णनने विलँडरला. आम्ही दोघांनी नागलचा तो सामना पडवीत बसून मोबाइलवर पाहिला. वहिनी जेवायला हाका मारून दमली.

आता पुतण्याही स्पर्धांना नाव देऊ लागलाय. परवा यादी लागली. मुख्य फेरीत नाव नाही, पात्रता फेरीत आहे, तेही अगदी खाली. यादी त्याने मला दोनदा दाखवली. सामना सकाळी लवकर आहे. पहिल्या बसने वेळेत पोचणार नाही, म्हणून आदल्या रात्रीच निघायचं ठरवलंय.