रायफलीचे सुटे भाग

आमच्या टीममध्ये टेक्सासचा एक जण आहे. माणूस सज्जन, कोड नीट लिहितो, रिव्ह्यूमध्ये भांडत नाही. गेले दोन महिने सोमवारच्या मीटिंगमध्ये तो एकच विषय लावून बसलाय : घरच्या घरी रायफल जोडणं. एआर-१५. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते. त्याने चक्क एक्सेल शीट बनवलीय. नळी या कंपनीची, चाप त्या कंपनीचा, दस्ता तिसरीचा, दुर्बीण चौथीची. आपण कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून पीसी असेंबल करायचो ना, मदरबोर्ड इथून, रॅम तिथून, अगदी तसं.

हे तिकडे का जमतं त्याला इतिहास आहे. यूजीन स्टोनर नावाच्या इंजिनिअरने आर्मालाइट कंपनीत १९५० च्या दशकात हे डिझाइन केलं. एआर म्हणजे आर्मालाइट रायफल, बऱ्याच जणांना वाटतं तसं असॉल्ट रायफल नव्हे. १९५९ साली कोल्ट कंपनीने हक्क विकत घेतले, पुढे पेटंटची मुदत संपली, आणि सगळेच एका मापाचे भाग बनवू लागले. ओपन स्टँडर्डच म्हणा ना! तिथल्या कायद्याने त्यातला एकच भाग, ज्यावर नंबर कोरलेला असतो तो सांगाडा, म्हणजे 'बंदूक'. तो परवानाधारक दुकानातून चौकशी करून घ्यायचा, बाकीचं पोस्टाने घरी. अर्धवट तयार सांगाड्यांची किट विकण्याची पळवाटही होती. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ती नियमात आणली आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम उचलून धरला.

त्याने मला विचारलं, तुमच्याकडे कसं असतं? मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे तुझी ती एक्सेल शीट म्हणजेच गुन्ह्याचा पुरावा.

खरंच सांगतो. १९५९ चाच आपला शस्त्र कायदा. (तिकडे कोल्ट हक्क विकत घेतंय आणि इकडे आपण कायदा करतोय, एकच साल!) त्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग येतात, आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा. म्हणजे सांगाडा वेगळा नि नळी वेगळी ही भानगडच नाही. २०१६ च्या नियमांत सेमी-ऑटोमॅटिक रायफल पहिल्याच श्रेणीत टाकलीय. तिचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय दिल्लीच्या गृहमंत्रालयाचा. आणि परवान्याशिवाय शस्त्र बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

असो. तर मंडळी, मुद्दा असा की या वीकेंडला माझ्याही लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे, आणि तिच्यात रायफलीचेच भाग आहेत. भाचीसाठी. कायद्यात बसणारी, ४.५ मिलिमीटरची, हवेवर चालणारी.

ताई-दाजी शिरपूरला असतात. दाजींची कापसाची शेती. भाची चौदा वर्षांची. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ घेतलं, तेव्हापासून हिच्या डोक्यात नेमबाजी बसली. दोन सुट्ट्या धुळ्याला रेंजवर जाऊन क्लबच्या रायफलीवर शिकली. पन्नासेक किलोमीटर एसटीने. आता कोच म्हणतात स्वतःची हवी. दाजींचा फोन आला, "तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हीच बघा." सॉफ्टवेअरवाल्याला लोक मिक्सरपासून बोअरवेलच्या मोटरपर्यंत सगळं विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

पण शिरपुरात बंदूक म्हटलं की लोकांना ऑलिंपिक आठवत नाही. उमर्टी आठवते. उत्तरेला सातपुडा, पलीकडे मध्य प्रदेश. सीमेच्या दोन्ही बाजूंना उमर्टी नावाचं गाव आहे, अलीकडची चोपडा तालुक्यात, पलीकडची बडवानी जिल्ह्यात. पलीकडच्या गावातल्या शिकलगारांच्या भट्ट्यांवर गावठी कट्टे बनतात हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्याचे पोलीस आरोपी पकडायला तिथे गेले तर त्यांच्यावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला पळवून नेलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी जाऊन भट्ट्या मोडल्या. पुण्यात कोयता-गँगच्या बातम्या वाचणाऱ्यांना कळत नाही की ते पिस्तूल आपल्याच मुंबई-आग्रा रोडने, पळासनेर-शिरपूर करत आलेलं असू शकतं.

शिकलगार हा शब्द मोठा जुना आहे. फारसीत सैकल म्हणजे पॉलिश, झिलई. तलवारीला धार आणि झिलई देणारा तो सैकलगर. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राजांची, फौजांची हत्यारं घडवायची. १८५७ ला याच सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईकाने इंग्रजांचा खजिना लुटला, भिल्लांनी इंग्रजांना पळता भुई थोडी केली. त्यानंतर इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणून सगळ्यांनाच निःशस्त्र केलं. हत्यार घडवणाऱ्याच्या हातात मग राहिलं काय? कढया, कुलपं, विळे. आणि ज्यांनी कट्टा धरला त्यांना तुरुंग. मला त्यांची बाजू घ्यायची नाही, त्या कट्ट्याने माणसं मरतात, आणि कधी कधी तो चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो, कारण कारखान्यातल्या शस्त्राची होते तशी जास्त दाबाची प्रूफ टेस्ट त्याची कोण करणार? पण हात हुशार आहेत हे खरं. आणि गंमत बघा, त्याच खान्देशात वरणगावला १९६४ पासून सरकारी कारखान्यात फौजेच्या काडतुसांचं उत्पादन होतं. लेथ तोच, पितळ तेच. मधे फक्त एक सरकारी शिक्का.

आता भाचीकडे. ताईच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न, "पोरले बंदूक लिसन काय करनं शे?" शेजारच्या आबांचा दुसरा, "उमर्टीनी शे का?" हसण्यावारी गेलं, पण दाजींना ते लागलं. मुलीच्या हातात काळी लांब पेटी, एसटीत कंडक्टर विचारतो, गावात कोणीतरी काहीतरी बोलतं. म्हणून शीटमधली पहिली ओळ रायफलीची नाहीच, कागदांची आहे : बिल, क्लबचं ओळखपत्र, कोचचं पत्र, लॅमिनेट करून पेटीच्या कप्प्यात. .१७७ बोअर आणि वीस जूलच्या आतली एअर रायफल परवान्याविना घेता येते, पण हे रस्त्यावर अडवणाऱ्या माणसाला माहीत असेलच असं नाही.

आमच्या लहानपणी एअरगन म्हणजे इंडियन ह्यूम पाइपवाल्यांची. हो, सिमेंटचे पाइप बनवणारी तीच कंपनी. नळी मोडायची, छर्रा घालायचा, आंब्याच्या कैऱ्या पाडायच्या. स्पर्धेची रायफल हे वेगळंच जनावर आहे. तिच्यात दाबलेल्या हवेची नळकांडी असते, साधारण दोनशे बारची, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट. छर्रा दरवेळी हाताने एकेकच भरायचा. ७५ मिनिटांत ६० छर्रे. माझ्या टेक्सासच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, इतकं हळू? त्याची रायफल आपोआप पुढची गोळी भरते हाच तिचा अभिमान, आणि इथे दोन गोळ्यांच्या मधला जो एक मिनिट असतो तोच सगळा खेळ! दहा मीटरवर दहाचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. छर्रा त्याच्या नऊपट जाड.

नवी जर्मन रायफल दोन लाखांच्या पुढेच. फायनवर्कबाऊ, वाल्थर, आन्शुट्झ, नावं घेतानाच खिसा दुखतो. यंदा कापसाला काय भाव मिळाला ते दाजींना विचारू नका. म्हणून सेकंडहँड. आणि सेकंडहँडमध्ये सगळ्यात आधी बघायचं ते नळकांडं. त्यावर तारीख कोरलेली असते आणि उत्पादक दहा वर्षांनी ते बाद करायला सांगतात. एका विक्रेत्याने "मॅडम, कंडिशन एकदम मस्त" म्हणून ताईला फोटो पाठवले, त्यात सगळं होतं, नळकांड्यावरची तारीख तेवढी अंगठ्याखाली झाकलेली. ती ओळ मी शीटमधून लाल करून टाकली. शिरपूरच्या मे महिन्यात, चाळीस-बेचाळीस डिग्रीला, दोनशे बारचं मुदत संपलेलं नळकांडं पोरीच्या गालाशी? नको रे बाबा. हवा भरायला हातपंप चालतो, पण त्याने बाष्प आत जातं, म्हणून रेंजवरच्या डायव्हिंगच्या टाकीतूनच भरून आणायचं ठरलंय.

मग दस्ता. नळी कोणत्याही कंपनीची असो, ती बऱ्यापैकी सरळच मारते. चुकतं ते शरीर आणि रायफल यांच्या जोडावर. कोपराच्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या सांध्यापर्यंतचं अंतर मोजायचं, त्यावरून दस्त्याची लांबी. ही वाढीच्या वयातली मुलगी, दर सहा महिन्यांनी माप बदलणार, त्यामुळे देखणा अखंड लाकडी दस्ता बाद, खांद्याची पाटी आणि गालाची पट्टी वर-खाली सरकणारा अॅल्युमिनियमचा हवा. नियमात साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं. कोच म्हणतात हिला चारच्या आसपास ठेवा, पाठीचा कणा अजून घडतोय. मला हे पटलं. वजनाचे तुकडे नंतर लावता येतात, पाठ नंतर बदलता येत नाही.

दुर्बीण लावायला परवानगीच नसते, बारीक भोकातून बघायचं. पण या साइटवर कंजुषी करायची नाही हे मी ठरवलंय. अभिनव बिंद्राने पुढे सांगितलंय की २००८ ला बीजिंगच्या अंतिम फेरीआधी त्याच्या रायफलीची साइट कोणीतरी हलवली होती, सरावाच्या पहिल्या गोळीला चार गुण आले. त्याने ती तिथल्या तिथे जुळवून घेतली आणि सुवर्ण जिंकलं. जुळवता आली कारण तिचा प्रत्येक क्लिक किती सरकवतो हे त्याला पाठ होतं. स्वस्त साइटमध्ये क्लिक म्हणजे सुचवणी असते. दोन मागे, दोन पुढे केलं की जागेवर येईलच असं नाही. आपल्या धंद्यात ज्या फंक्शनला तोच इनपुट देऊन दरवेळी वेगळं उत्तर येतं त्याला आपण काय म्हणतो? तेच.

छर्ऱ्यांचे पाचशेचे डबे. एकाच कंपनीचे ४.४९ आणि ४.५० असे वेगवेगळ्या डोक्याचे. कोणता या नळीला मानवतो ते रायफल शिकंज्यात धरून दोन-तीन प्रकार मारून बघायचं, मग एकाच लॉटचे शक्य तितके घ्यायचे.

राहिलं जॅकेट. जाड कॅनव्हास आणि चामडं, पाठीला आधार देणारं, उन्हाळ्यात त्यात उभं राहणं म्हणजे शिक्षाच. ते मापावरच शिवावं लागतं. दाजींनी काल गावातल्या शिंप्याकडून सतरा मापं घेऊन व्हॉट्सॅपवर पाठवली, वहीच्या कागदावर, इंचात, सव्वा-पाऊणच्या खुणांसकट. शिवणारे सेंटिमीटर मागतात. एका ठिकाणी साडेबारा लिहिलंय की साडेबावीस ते कळत नाहीये. ताईला फोन लावतो.