पळणाऱ्यांचा डोंगर

केप टाउन शहराच्या पाठीशी उभा असलेला टेबल माउंटन आणि तिथून दक्षिणेला केप पॉइंटपर्यंत समुद्रात घुसलेली डोंगररांग मिळून टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यान झाले आहे. 1998 साली ते केप पेनिन्सुला या नावाने जाहीर झाले. आजचे नाव 2004 मधले. राष्ट्रीय उद्यान म्हटले की कुंपण, फाटक आणि तिकीटखिडकी डोळ्यांपुढे येते. इथे बहुतेक ठिकाणी यातले काहीच नाही. वस्त्या, द्राक्षमळे, विद्यापीठ आणि मोटाररस्ते उद्यानाच्या तुकड्यांमध्ये शिरले आहेत. त्यामुळे पहाटे शहरातल्या रस्त्यावरून निघावे, डोंगरमाथा गाठावा, समुद्राची वाळू तुडवावी आणि पुन्हा शहरात यावे, हे एका दमात जमते. 2014 मध्ये सुरू झालेली अल्ट्रा ट्रेल केप टाउन ही स्पर्धा याच भूगोलावर उभी आहे. तिच्या 100 किलोमीटरच्या धावेत चढाईची बेरीज चार हजार मीटरच्या वर जाते. अव्वल धावपटूंना त्यासाठी दहा तासांच्या आसपास लागतात. बाकीच्यांचा सगळा दिवस जातो आणि वर रात्रीचाही वाटा द्यावा लागतो.

या प्रकाराला धाव म्हणायचे ते सवयीने. खड्या चढावर कोणीच धावत नाही. पहिल्या दहांतले गडीही गुडघ्यांवर तळवे रोवून चालतात. मराठीत धावणे आणि पळणे हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, शाळेतली पळण्याची शर्यत त्याला साक्ष आहे. तरीही देव धावून येतो आणि चोर पळून जातो, हा फरक बोलणाऱ्याच्या जिभेला ठाऊक असतो. धावण्याला पुढे काहीतरी असते, पळण्याला मागे. टेबल माउंटनच्या वाटांवर या दोन्ही क्रियांचा इतिहास आहे, आणि त्यातला जुना इतिहास पळण्याचा आहे.

स्पर्धेचा मार्ग वर्षागणिक थोडाफार बदलतो, पण सांगाडा ठरलेला आहे. शहराला लागून असलेल्या सिग्नल हिल आणि लायन्स हेडच्या उतारांवर पाय मोकळे होतात. लायन्स हेडची उंची 669 मीटर. बुंधा ग्रॅनाइटचा, टोपी वालुकाश्माची. हा भेद पुस्तकात वाचण्यापेक्षा तळपायांना आधी कळतो. ग्रॅनाइटचे गोल धोंडे होतात आणि त्याची माती पावसात साबणासारखी निसटते. वालुकाश्म थर धरून फुटतो, त्याच्या पायऱ्या बनतात. खाली सी पॉइंटच्या किनाऱ्यावर ग्रॅनाइट त्याहून जुन्या शिलाथरांत घुसलेला उघड दिसतो. 1836 मध्ये डार्विन तो पाहायला थांबला होता.

पुढची खरी परीक्षा प्लाटेक्लिप घळीची. टेबल माउंटनच्या समोरच्या भिंतीत पडलेली ही चीर सुमारे तीन किलोमीटरच्या दगडी वाटेत सातशेएक मीटर वर नेते. वळणामागून वळण, पायरीमागून पायरी, आणि डोक्यावरून 1929 पासून चालणारी केबल कार. तिच्यात बसलेला माणूस काही मिनिटांत माथ्यावर असतो, ही गोष्ट मांड्या भरून आलेल्या माणसाला फारशी सुखाची वाटत नाही. 1503 मध्ये अंतोनियो द साल्दान्या हा पोर्तुगीज दर्यावर्दी डोंगरावर चढला आणि त्याने त्याला मेजाचे नाव दिले. इथल्या खोईखोई लोकांचे म्हणून सांगितले जाणारे नाव होएरिक्वाग्गो, म्हणजे समुद्रातला डोंगर. मेजापेक्षा हे नाव जास्त खरे आहे.

प्लाटेक्लिप म्हणजे सपाट दगड. घळीच्या पायथ्याच्या ओढ्यावर गुलाम स्त्रिया शहरातल्या धन्यांचे कपडे धूत. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये केपला ठाणे घातले आणि 1658 पासून जहाजे भरून गुलाम येऊ लागले. 1808 पर्यंत सुमारे 63 हजार माणसे आणली गेली; त्यांतली जवळपास चौथाई भारतातली होती, बंगाल, कोरोमंडल आणि मलबार किनाऱ्यांवरची. नावामागे गावाऐवजी नुसते ‘बंगालची’ किंवा ‘मलबारचा’ असे लागे. मूळचे नाव कंपनीच्या वहीत सहसा उतरतच नसे.

यांतले अनेक जण डोंगरावर पळाले. त्यांना ड्रोस्टर म्हणत. गुलामाला पायताण घालण्याची मुभा नव्हती. अनवाणी पाय ही त्याची खूणच होती. आजच्या स्पर्धकाच्या पायांत खोल खाचांच्या तळव्याचे बूट असतात. पाठीवर पाणी, शिटी, डोक्याला बांधायचा दिवा आणि ऊब धरणारी चंदेरी चादर असते, आणि त्यातले काही नसले तर त्याला निघू देत नाहीत. ड्रोस्टरकडे असलाच तर सुरा. सापडला तर फटके, डाग आणि पायात साखळी. ही तुलना स्पर्धकाला लाजवण्यासाठी नाही. पण एकाच घळीतून हौसेने चढणारा आणि जिवाच्या भीतीने चढणारा, दोघांचा दम सारखाच छाटतो, आणि इथल्या माहितीफलकांवर फुलांची नावे असतात तितकी या माणसांची नसतात.

फुलांचा मान अर्थात मोठा आहे. वर आले की कोकणातल्या सड्यासारखा सपाट कातळ लागतो आणि त्यावर फाइनबॉस, म्हणजे बारीक पानांची झुडपे. एवढ्याशा द्वीपकल्पात 2200 हून अधिक जातींच्या वनस्पती आहेत. या झुडपांना दहा-पंधरा वर्षांनी वणवा लागतो. काहींचे बी आगीच्या आचेशिवाय किंवा धुराशिवाय रुजतच नाही. झुडपांतून झिरपलेले ओढ्यांचे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते. माथ्याचा सर्वांत उंच बिंदू मॅक्लिअर्स बीकन 1086 मीटरवर आहे. कळसूबाई त्याहून साडेपाचशे मीटरने उंच. मात्र इथे चढाची मोजणी जवळजवळ समुद्रापासून होते. आग्नेयेचा वारा सुटला की माथ्यावर ढगाचे पांढरे कापड पसरते. शहरातून ते देखणे दिसते; त्याच्या आत असलेल्याला पुढची खूण दिसत नाही.

माथा सोडून नैऋत्येला उतरले की लँडड्नो आणि सँडी बे. मोठाले ग्रॅनाइटचे धोंडे, पांढरी वाळू आणि हाडे गोठवणारे पाणी, कारण या बाजूला बेंग्वेला हा थंड प्रवाह वाहतो. सँडी बे हा विवस्त्र स्नानाचा प्रसिद्ध किनारा. अंगावर नऊ खिशांची पिशवी घेऊन घामेजलेला धावपटू तिथे सर्वांत विचित्र दिसत असणार. मऊ वाळूत वेग निम्म्यावर येतो. पुढे हाउट बे. हाउट म्हणजे लाकूड. कंपनीने इथले जंगल तोडून नेले आणि नाव तेवढे ठेवले. बंदरात मासेमारी नौका, उतारावर बंगले आणि शेजारीच इमिझामो येथू ही पत्र्याच्या खोपट्यांची दाट वस्ती. या वाटांवर लूटमारही होते, म्हणून एरवी सरावाला एकट्याने जात नाहीत.

पुढे वाट कॉन्स्टॅन्शियाच्या द्राक्षमळ्यांतून जाते. तेही गुलामांच्याच श्रमांवर 1685 नंतर वाढले. तिथून वाट पूर्वेच्या दमट, सावलीच्या अंगाने, 1913 मध्ये स्थापन झालेल्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानाकडून डेव्हिल्स पीकच्या कुशीत येते. इथे पळण्याची आणखी एक गोष्ट आहे. 1936 मध्ये जवळच्या प्राणिसंग्रहालयातून हिमालयन ताहरची एक जोडी निसटली. कड्यांवर जन्मलेल्या या रानबकऱ्यांना कडे नवे नव्हते. त्यांची प्रजा शेकड्यांनी वाढली. मग ते उपरे ठरले, झुडपे आणि माती त्यांच्या खुरांनी खराब होते म्हणून उद्यानाने त्यांना गोळ्या घातल्या आणि मूळच्या क्लिपस्प्रिंगर हरणांना परत आणले. शास्त्र म्हणून निर्णय बरोबर होता. तरी डोंगराने ज्यांना सामावून घेतले त्यांना बाहेरचे ठरवणारे नेहमी पायथ्याशीच बसलेले असतात, हे लक्षात येतेच.

शेवटचा टप्पा किंग्स ब्लॉकहाउस या ब्रिटिशकालीन चौकीवरून शहराकडे उतरतो. मधल्या आणि मागच्या फळीतले बहुतेक जण इथे अंधारात पोहोचतात. पोटऱ्यांत गोळे आलेले, पावलापुढे दिव्याचे हातभर वर्तुळ, खाली शहराचा झगमगाट. ड्रोस्टरला माथ्यावरच्या थंडीत आग पेटवायची तर ती खालून दिसण्याचे भय होते. स्पर्धकाचा दिवा मात्र दिसलाच पाहिजे असा नियम आहे. ठरलेली वेळ टळली तरी उतारावर काही दिवे हलताना दिसतात, आणि ते सगळे खाली येईपर्यंत स्वयंसेवक चौक्या आवरत नाहीत.