धनुष्य : जुने की नवे?

एकत्र कुटुंबात खरेदीचे वाद नवे नाहीत. आमच्या घरी पिठाच्या चक्कीवरून दोन महिने अबोला चालला होता, हे धाराशिवातील आमच्या आळीस ठाऊक आहे. परंतु धनुष्य कोणते घ्यावे ह्यावरून वाढलेली पाने तशीच राहावीत, असा प्रसंग गेल्या वर्षी प्रथमच आला.

माझ्या पुतण्याची कन्या चौदा वर्षांची. शाळेच्या मैदानावर ती दोन वर्षे बांबूच्या धनुष्याने नेम धरीत होती. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे ह्याने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळविले. ही दोघेही कंपाउंड धनुष्याचे खेळाडू. त्या दिवसापासून आमच्या मुलीने तोच ध्यास घेतला. अदितीचे वडील शिक्षक. लेकीच्या खेळापायी त्यांनी कर्ज काढले, हे वर्तमानपत्रांत आले होते. ते वाचून माझे धाकटे बंधू, म्हणजे मुलीचे आजोबा, एवढेच म्हणाले, “आपल्यास कर्ज नको.” घरातल्या वादाचे मूळ ह्याच वाक्यात होते.

हे यंत्र कसे चालते, ते मी माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढावी तितका जोर वाढत जातो, आणि नेम धरण्याच्या क्षणीच हात थरथरू लागतो. कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांस लंबवर्तुळाकार चाके असतात. दोरी अर्ध्यावर आली की चाके फिरतात, आणि भार एकदम तीन-चतुर्थांशाहूनही कमी होतो. चाळीस पौंडांची ओढ शेवटी आठ-दहा पौंडांवर स्थिरावते, आणि खेळाडू निवांतपणे नेम धरू शकतो. ही युक्ती अमेरिकेतील मिसूरी प्रांताच्या अ‍ॅलन नामक गृहस्थाने काढली. त्याचे पेटंट 1969 सालचे. तो स्वतः शिकारी होता, व हरिणावर बाण अधिक वेगाने जावा एवढाच त्याचा हेतू होता. ह्या शिकारी मुळामुळेच पुढे माझी फसगत झाली.

नवे धनुष्य, त्याची दुर्बीण, तोलदांडे आणि बाण धरून हिशोब दोन लाखांपुढे गेला. तेव्हा मी पुढाकार घेतला. बाहेरगावच्या एका गृहस्थाकडे जुने कंपाउंड धनुष्य अठ्ठावीस हजारांस आहे असे कळले. मी पाच हजार बयाणा पाठविला, आणि ते पाहण्यासाठी घरी आले. गर्द हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे, आखूड आणि दिसण्यात फार रुबाबदार. कोणा परदेशस्थ माणसाने शिकारीसाठी वापरलेले. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीस बंदी. तेव्हा इतके दिवस ते भिंतीवर लटकून होते म्हणे. बंधूंनी ते हातात घेऊन पाहिले आणि प्रसन्न झाले. वहिनींनी मात्र, “ब्राह्मणाच्या घरी शिकारीचे हत्यार?” असा प्रश्न केला. त्यावर आमच्या मातोश्री (वय 91) देवघरातून उत्तरल्या, “द्रोणाचार्य कोण होते ग? आणि तुळजापूरच्या आईच्या हातात काय आहे?” अष्टभुजेच्या हाती धनुष्य व बाण दोन्ही असल्यामुळे वाद तेथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी मुलीचे शिक्षक आले. धनुष्य हाती न घेताच त्यांनी मुलीस भिंतीशी उभे करून दोन्ही हात पसरावयास सांगितले. वाव भरली चौसष्ट इंच. तिला अडीचने भागावे, म्हणजे दोरी किती ओढावयाची ते अंदाजे निघते. तिचे माप साडेपंचवीस इंचांच्या आसपास आले. हे धनुष्य एकोणतीस इंचांचे, आणि चाकांचा तो भाग बदलता येणारा नव्हता. शिवाय ओढ सत्तर पौंडांची. खिळे सैल करून ती फार तर साठावर येते. साठ ही स्पर्धेतील प्रौढांची कमाल मर्यादा, आणि आमच्या मुलीस जेमतेम पस्तीस झेपणार. आखूड धनुष्य झाडीतून फिरण्यास सोयीचे. पन्नास मीटरांवरील आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात बाण घालण्यास लांब धनुष्यच स्थिर राहते.

मी म्हटले, “दोन-तीन वर्षांत ती वाढेल. तोवर ठेवू.”

शिक्षकांनी वहिनींकडे थोडा कापूस मागितला. समईच्या वातींसाठी ठेवलेला कापूस त्यांनी आणून दिला. धनुष्याच्या दोन बाहूंस खेळाडू इंग्रजी शब्दाने लिंब म्हणतात (वहिनींना प्रथम सरबताचेच लिंबू वाटले). त्या बाहूंवरून शिक्षकांनी कापूस हलकेच फिरविला. वरच्या बाहूवरून तो सरळ निघाला. खालच्या बाहूवर, चाकाजवळ, चार तंतू अडकले. डोळ्यांस काहीच दिसत नव्हते; नखाने मात्र बारीक चीर लागली. बाण न लावता कोणीतरी भरलेली दोरी रिकामीच सोडली असावी. बाण नसला म्हणजे साचलेला सगळा जोर बाहूंवरच उलटतो. असा बाहू कधी तुटेल ह्याचा नेम नाही, आणि तुटतो त्या वेळी मुलीचा चेहरा दोरीस टेकलेला असतो.

मी काही बोललो नाही. पुतण्याची पत्नी स्वयंपाकघरातून सारे पाहत होती. तीही काही बोलली नाही. धनुष्य परत गेले. बयाणा आला नाही, आणि तो मागण्याचे मला धैर्यही झाले नाही.

त्या रात्री तिने, म्हणजे मुलीच्या आईने, आपल्या दोन पाटल्या बंधूंपुढे ठेवल्या. सुनेच्या अंगावरचे सोने सासऱ्यासमोर ठेवले जाणे ही आमच्या घरात लहान गोष्ट नव्हे. बंधू पुष्कळ वेळ गप्प बसले. मग त्यांनी पाटल्या परत दिल्या, आणि “नवेच घेऊ, कर्ज झाले तर झाले,” असे म्हणाले.

परंतु शिक्षकांनीच नवे घेऊ दिले नाही! त्यांचे म्हणणे असे, की वाढत्या मुलीचे माप वर्षाला बदलते. आज तिच्या मापाचे उंची धनुष्य घेतले तर ते ऐन भरात येण्यापूर्वीच तिला अपुरे पडेल. उंचीने धनुष्याबाहेर गेलेल्या एका विद्यार्थ्याचे स्पर्धेचे धनुष्य त्यांच्या पाहण्यात होते. किंमत सत्तर हजार. त्याचे माप चोवीसपासून अठ्ठाविसापर्यंत वाढविता येत होते. कापूस ह्या वेळी मी स्वतः फिरविला, चार वेळा. दोरी मात्र नवी चढविली, कारण दोरी झिजते आणि जुनीचा भरवसा धरू नये. बाणही नवेच घेतले. तिच्या ओढीस आणि लांबीस जुळणारा कडकपणा दुसऱ्याच्या बाणांत कोठून येणार? सारे मिळून लाखाच्या आत बसले. कर्ज झाले नाही. पाटल्या सध्या कपाटात आहेत.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्याचा मिश्र सांघिक सामना प्रथमच होणार आहे, हे मुलीने भिंतीवरील दिनदर्शिकेत आताच लिहून ठेवले आहे. मी त्याविषयी काही बोलत नाही. खंडेनवमीस ते धनुष्य आजोबांच्या तराजूशेजारी मांडून त्यास झेंडूची माळ घातली.

दाराच्या ज्या चौकटीवर घरातील मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत, त्याच्या बाजूस आता तिच्या वावेच्या आडव्या खुणा कोळशाने काढल्या जातात. परवा मी पाहिले : खूण साडेपासष्टावर गेली होती, आणि कोळसा अजून तिच्या बोटांस लागलेला होता.